मुक्या बैलाचा कडबा

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपता संपता फादरांनी सांगितलं, "गेल्या वर्षीच्या झावळ्या घरात असतील त्या मंगळवारपर्यंत आणून द्या. बुधवारची राख करायची आहे." दरवर्षीचीच सूचना. ईस्टरच्या आदल्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, हातात धरलेली झावळी वर्षभर घरात क्रुसामागे खोचून ठेवायची आणि वर्ष फिरलं की तीच जाळून तिची राख कपाळाला लावून घ्यायची, अशी आमची रीत. धुळ्यात नारळाच्या झावळ्या कुठून येणार? आमच्या झावळ्या शिंदीच्या. साक्रीकडच्या पोरी गावाहून चर्चच्या होस्टेलवर परत येताना भारा बांधून आणतात.

घरी आले, चप्पल काढली आणि आधी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. क्रुसामागे ती होती. हिरवीची पिवळी आणि पिवळीची तपकिरी झालेली, आणि तिच्या टोकाला वळलेला एक छोटा क्रूस. वाकडा. हाताला सलाईन लावलेल्या माणसाने वळलेला क्रूस सरळ कसा येणार? मी वर्षभर त्या भिंतीवरचं जळमटसुद्धा काढलं नव्हतं. झाडू लागेल आणि पान मोडेल, अशी भीती.

आमच्या खानदेशात थंडी निरोप घेऊन जात नाही, एका दुपारी गुपचूप उठून जाते. सकाळी गोधडी हवीशी वाटते आणि दुपारी पंखा. कडुनिंब अंगणभर पानं टाकतो, दिवसातून दोनदा झाडलं तरी पुन्हा तेच. रस्त्यावरून कडब्याने भरलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या डुलत जातात, आणि त्यातलं एखादं पातं उडून आमच्या फाटकाला अडकतं. दहावीची पोरं हॉलतिकीट हातात घेऊन कोणाचं सेंटर कुठे आलं ते एकमेकांना विचारतात. शुक्रवारी आमच्याकडे मटण शिजत नाही. हा आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ. माझ्या लेखी आता हा ह्यांचा मोसम. हे गेले त्याला अजून वर्ष व्हायचंय, पण मोसम मात्र आधीच येऊन फाटकाशी उभा राहिला.

हे म्हणजे सायमन सर. तरुणपणी फादर व्हायला म्हणून सेमिनरीत गेलेले. तिथे तत्त्वज्ञान शिकले आणि ईश्वरविद्येच्या आधीच बाहेर पडले. का बाहेर पडलात, असं कोणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायचे. ते खोटं आहे, मी त्यांना नंतर भेटले. पण एवढं खरं की देवाला सोडून मला धरलं आणि मग आयुष्यभर देवाबद्दल मलाच ऐकवलं. आधी जळगावला, मग धुळ्याला शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. रिटायर झाले, फुप्फुसं बिघडली, ऑक्सिजनचं सिलिंडर खाटेशेजारी आलं. अशा वेळी माणूस काय करतो? पेपर वाचतो, टीव्ही बघतो. ह्यांच्या डोक्यात आलं की आपल्या पॅरिशच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, मोठ्या मुलांना ग्रीकांपासून मध्ययुगापर्यंतचं तत्त्वज्ञान शिकवायचं. उपवासकाळातल्या रविवारी, मिस्सानंतर, आमच्याच अंगणात.

"पोरांना बीजगणित जमत नाही," मी म्हटलं, "आणि तुम्ही ग्रीक काढून बसा."

"बीजगणित चुकलं तर दहा मार्क जातात," हे म्हणाले. "हे चुकलं तर माणूस जातो."

फादरांनाही जरा धाकधूक होती. परीक्षेचं वर्ष, आणि त्यात पोरांच्या डोक्यात भलते प्रश्न शिरले तर? ह्यांनी त्यांना सांगितलं, चर्चमध्ये येताना चपला बाहेर काढायच्या असतात, डोकं नाही. फादर हसले आणि आमचं अंगण सुरू झालं.

सतरंजी मी घातली. तक्रार करत घातली, हेही सांगून टाकते. मुलं आली ती बहुतेक सरबतासाठी. नर्सबाईंचा जेरी, जो प्रत्येक गोष्टीवर काहीतरी बोलायचाच. होस्टेलच्या दोघी-तिघी, त्यांत साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावरची रमिला, दहावीला बसलेली, आमच्याशी बोलताना मराठी आणि मनातलं बोलताना अहिराणी. आणि समोरच्या घरातली सुजाता. तिचं घर बौद्ध, वडील एसटीच्या डेपोत. रमिलाची वर्गमैत्रीण म्हणून पहिल्या दिवशी फाटकाबाहेर उभी राहिली होती. "मी आले तर चालेल का सर? मी तुमच्यातली नाही." हे म्हणाले, "अगं, ज्यांच्याबद्दल आज बोलायचंय तेही आमच्यातले नव्हते."

ह्यांचा एक विक्षिप्त नियम होता. तत्त्वज्ञांची नावं सांगायची नाहीत. नाव सांगितलं की मुलं ते पाठ करतात, आणि पाठ झालं की विचार करायचं थांबतात, असं त्यांचं मत. त्यामुळे आमच्या अंगणात जे आले ते टोपणनावांनी आले. बाजारात फिरून लोकांना प्रश्न विचारून भंडावणारा अनवाणी म्हातारा. त्याचा रुंद खांद्यांचा शिष्य. त्याचा शिष्य फेऱ्या मारणारा, चालत चालत शिकवणारा. मग आफ्रिकेतला बिशप, ज्याने लहानपणी शेजाऱ्याची फळं चोरली होती आणि ज्याची आई त्याच्यासाठी वर्षानुवर्षं रडली. आणि सगळ्यांत शेवटी तो इटलीकडचा जाडजूड साधू, वर्गात तोंड उघडत नाही म्हणून सोबतचे ज्याला मुका बैल म्हणायचे. नावं मला माहीत आहेत. पण त्यांच्या वर्गाचा नियम मी मोडणार नाही.

अनवाण्या म्हाताऱ्याचा दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी सरबतात मीठ जास्त पडलं होतं आणि कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. म्हातारा लोकांना विचारायचा, तुम्ही शूर म्हणता ते कशाला? न्याय म्हणता तो कशाला? जेरी म्हणाला, "सर, हा मार खाणार." हे म्हणाले, "विषच पाजलं त्याला." कडुनिंबाची पानं तेवढी पडत होती. मग रमिला हळूच म्हणाली, "सर, त्या म्हतारानी बाप्तिस्मा लियेल नव्हता. मंग तो कोठे ग्या?"

हे काही बोलायच्या आत तिने पुढचं सांगून टाकलं. "मना आज्या बी असाच ग्या."

प्रश्न म्हाताऱ्याचा नव्हताच. पाड्यावरच्या तिच्या आजोबांचा होता, ज्यांनी तिला खांद्यावर बसवून महूची फुलं वेचायला नेलं होतं आणि जे शेवटपर्यंत आपल्या डोंगरदेवाला नारळ फोडत राहिले. हे बराच वेळ खोकले. मग म्हणाले, हाच प्रश्न मोठमोठ्या साधूंनी शेकडो वर्षं एकमेकांना विचारला. त्यांना तो म्हातारा आवडायचा, त्याला बाहेर ठेवायला त्यांचं मन होईना. "देवाच्या दयेला कुंपण घालायचं काम आपल्याकडे दिलेलं नाही, रमिला. प्रामाणिकपणे खऱ्याच्या मागे गेलेला माणूस कोणाच्या मागे जात होता, ते त्याला पोहोचल्यावर कळत असेल." तिने मान हलवली. पटलं की नाही ते मला कळलं नाही, पण त्या दिवशी जाताना तिने सगळे पेले विसळून ठेवले.

रुंद खांद्यांचा आला तेव्हा मुलं खूश झाली. शरीर म्हणजे पिंजरा, आत्मा म्हणजे आत अडकलेला पक्षी, मेलं की पिंजरा उघडतो. सोपं आणि देखणं. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकत होते आणि मला ते मुळीच आवडलं नाही. आदल्याच संध्याकाळी मी ह्यांच्या पाठीला तेल चोळलं होतं. पिंजऱ्याला कोणी तेल चोळतं का?

पुढच्या रविवारी फेऱ्या मारणारा आला आणि मला बरं वाटलं. हे कुंडीजवळचं मातीचं बोळकं घेऊन आले. माती वेगळी काढून दाखवा, आकार वेगळा काढून दाखवा, म्हणाले. निघेना. आत्मा आणि शरीर असं एकात एक, बोळक्याच्या आकारासारखं आणि मातीसारखं. मुक्या बैलाने हेच उचललं, आणि येशूवरच्या श्रद्धेशी बांधलं. आत्मा उरतो, असं बैलही म्हणतो. पण नुसता उरलेला आत्मा म्हणजे मी नव्हे, असंही तोच म्हणतो. माणूस म्हणजे अख्खा माणूस. म्हणून शेवटी देव नुसते आत्मे गोळा करत नाही, माणसं उठवतो. हे एवढं बोलून त्यांना धाप लागली. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला आणि पहिल्यांदाच सतरंजीच्या कडेला टेकले.

बैलाच्या काळातली वाद घालायची एक पद्धत ह्यांनी वर्गाला लावली होती. कोणाचं म्हणणं खोडायचं असेल तर आधी ते स्वतःच्या तोंडाने मांडायचं. नुसतं नाही, इतकं चांगलं मांडायचं की समोरच्याने म्हटलं पाहिजे, "हो, हेच." तोवर उत्तर द्यायची परवानगी नाही. मुलांना हे फार जड गेलं. जेरी तर म्हणाला, घरी असं केलं तर भांडणच होणार नाही. आम्ही दोघांनी एकदा करून पाहिलं, सिलिंडर बदलायला कोणी जायचं यावरून. ह्यांनी माझं म्हणणं इतकं छान मांडलं की मला रडू आलं, आणि सिलिंडर मीच आणलं.

शेवटचा वर्ग. तो शेवटचा आहे हे आमच्यातल्या कोणालाच माहीत नव्हतं, ह्यांना कदाचित असेल. ह्यांनी बैलाचा शेवट सांगितला. आयुष्यभर लिहिलं, ढिगानं लिहिलं, आणि एका सकाळी मिस्सा करताना त्याला असं काही दिसलं की त्याने लेखणी खाली ठेवली ती ठेवलीच. मित्राने विचारलं तर म्हणाला, जे पाहिलं त्यापुढे माझं सगळं लिहिणं वाळलेलं गवत वाटतं. कडबा.

हे थांबले. आवाज बसला होता. सगळे गंभीर. आणि रमिला म्हणाली, "पन सर, कडबा वाया कसा जाई? उन्हायामा ढोरं त्यावरच तर जगतस."

जेरी म्हणाला, "आणि बैलाला कडबाच दिसणार ना सर!"

हे हसायला लागले. हसता हसता खोकला, खोकता खोकता पुन्हा हसू, डोळ्यांतून पाणी. मी धावले. ह्यांनी हाताने मला थांबवलं. "सेमिनरीत आम्हाला सगळ्यांनी हेच शिकवलं की गवत म्हणजे टाकाऊ," म्हणाले. "एकाच्याही घरी गुरं नव्हती."

ते शांत होईपर्यंत सुजाता वाट बघत होती. मग तिने हात वर केला. "सर, माझा आक्षेप आहे. तुम्ही म्हणता, अख्खा माणूस परत उठणार. पण आमच्याकडे सांगतात की काहीच तसंच राहत नाही, आणि आत न बदलणारा आत्मा म्हणून वेगळं काही नसतं. मग उठणार तो कोण? लहानपणचा? तरुण? की…" ती अडखळली.

"की हा खोकणारा," ह्यांनी वाक्य पूर्ण केलं. मग नियमाप्रमाणे तिचं म्हणणं मांडायला घेतलं. "म्हणजे तुझं म्हणणं असं. आपण पांझरा म्हणतो, पण कालचं पाणी आज तिथे नाही. नदी म्हणजे वाहणारं पाणी, आणि पांझरा हे आपण त्याला चिकटवलेलं नाव."

"सर, पांझरेत पाणीच कुठाय," जेरी म्हणाला.

"तसंच सायमन हेही नाव. बाळ वाहून गेलं, तरुण वाहून गेला, हा म्हाताराही निघालाय. मग देव हाक मारणार कोणाला? नावाला मारली तर ते पोकळ आहे. पाण्याला मारली तर ते केव्हाच मातीत जिरलं, दुसऱ्या पाण्यात मिसळलं. त्यातलं सायमनचं कुठलं, हे कोण निवडणार? असंच ना?"

"हो सर," सुजाता म्हणाली. "हेच. माझ्यापेक्षा चांगलं सांगितलंत."

"चांगला आक्षेप आहे. बैलाला आवडला असता." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. "उत्तर येत्या रविवारी."

तो येता रविवार आला तेव्हा हे दवाखान्यात होते. तो झावळ्यांचा रविवार. रमिला चर्चमधून सुजाताला घेऊन सरळ तिकडे आली, तिने शिंदीची झावळी ह्यांच्या हातात दिली. बोलायला बंदी होती, तोंडावर मास्क. तेव्हा ह्यांनी त्या झावळीच्या पानाचा क्रूस वळायला घेतला, लहानपणी गावी वळायचे तसा. फार वेळ लागला. आम्ही तिघी नुसत्या त्यांच्या बोटांकडे बघत होतो. वळून झाला तो त्यांनी माझ्या हातात दिला. सुजाताकडे बघून बोट उचललं, म्हणजे लक्षात आहे, एवढंच.

ईस्टरच्या दिवशी गेले असते तर लोकांना सांगायला बरं पडलं असतं. तसं झालं नाही. ईस्टर होऊन गेला, आणि एका अगदी साध्या मंगळवारी, दुपारी, कॅन्टीनचा चहा घेऊन मी जिना चढत असताना हे गेले.

भेटायला येणारे सगळे एकच सांगायचे. "वहिनी, आत्मा अमर आहे." शेजारचे सांगायचे, चर्चमधले सांगायचे. चांगल्या मनाने सांगायचे, मी मान हलवायची, आणि आतून मला ओरडावंसं वाटायचं. मला आत्मा नकोय हो. आत्म्याशी माझं लग्न झालं नव्हतं. मला तो माणूस पाहिजे, चष्मा कपाळावर सरकवून घरभर चष्मा शोधणारा, भाकरी कुरकुरीत नसेल तर ताट सरकवणारा, पाठीच्या उजव्या बाजूला तीळ असलेला. रुंद खांद्यांच्या त्या पंडिताचा पक्षी उडून गेला असेल तर जाऊ दे, मला माझा पिंजरा परत द्या. हे मी कोणाशी बोलले नाही. एका मुक्या बैलाला मात्र ते कळलं असतं, असं वाटायचं, आणि तेवढ्याच आधारावर मी रोज मिस्साला जात राहिले.

आणि सुजाताचा आक्षेप माझ्या घरात राहायला आला. कोणते परत मिळणार? जळगावच्या शाळेत पहिल्यांदा पाहिले ते, काळ्या केसांचे? की हे? मला विचाराल तर मला खोकणारेच हवेत. तरुण सायमनची आणि माझी तशी ओळखच थोडी. उत्तर ह्यांच्याजवळ होतं, ते घेऊन गेले. कपाटात त्यांची जाडजूड पुस्तकं आहेत, त्यांत कुठेतरी ते असेलही. मी उघडून पाहिली नाहीत. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

मुली दोघी अकरावीला गेल्या. मधूनमधून यायच्या, पाणी भरून द्यायच्या. जानेवारीत रमिलाने विचारलं, मावशी, यंदा वर्ग नाही का? मी म्हटलं, वर्ग घेणारा कुठे आहे? थोडं तोडूनच बोलले. दिवसभर मी काय करते? त्यांचे शर्ट काढते, घड्या घालते, पुन्हा ठेवते. त्यांची वाक्यं मनात फिरवते. वाळलेलं, जुनं, तेच तेच. सध्या मीही कडब्यावरच आहे, आणि हा उन्हाळा लांबलाय.

झावळी मी मंगळवारी नेली. पिशवीत ठेवून नेली, मोडू नये म्हणून वर रुमाल. फादरांच्या अंगणात घमेलं ठेवलं होतं, त्यात सगळ्यांच्या घरच्या झावळ्या. सांगितलं असतं, ही एक राहू द्या, तर फादरांनी एका शब्दाने विचारलं नसतं. ह्यांच्या बोटांनी शेवटचं केलेलं काम होतं ते. पण हे दरवर्षी आमच्या घरातली प्रत्येक झावळी शोधून काढून द्यायचे, तसबिरीमागची तुटकी काडीसुद्धा. का दिली ते मला नीट सांगता येणार नाही. त्यांनी दिली असती, एवढंच. फादरांनी काडी लावली. शिंदीचं पान चरचरत, पटकन जळतं.

आज संध्याकाळी राख लावून घेतली. फादरांनी अंगठा कपाळावर टेकवला आणि माणूस माती आहे, मातीत जाणार आहे, ते नेहमीचे शब्द म्हटले. बाहेर आले. रमिला माझ्याबरोबर, तिच्याही कपाळावर काळा क्रूस. चर्चच्या फाटकाशी सुजाता सायकल धरून उभी होती, रमिलाला न्यायला आलेली. तिने माझ्या कपाळाकडे बघितलं.

"काकू, ह्यात सरांचा क्रूस पण आहे ना?"

"आहे."

"पण सगळ्यांचं एकच झालं ना आता. त्यातला सरांचा कुठला, हे कसं…" ती एकदम थांबली. आपण काय बोललो ते तिच्या लक्षात आलं. "सॉरी काकू."

लागलं मला, खोटं कशाला सांगू. पण वर्षभरात माझ्याशी इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. मी फाटकाला हात टेकला.

"म्हणजे तुझं म्हणणं असं," मी म्हटलं. "सगळ्या घरांच्या झावळ्या एका घमेल्यात जळल्या. त्यातली माझ्या माणसाची राख कुठली, ते मला ओळखता येत नाही. फादरांना येत नाही. वारा आला तर हीसुद्धा उडून जाईल. मग देव तरी निवडणार कशी? आणि निवडून मला परत देणार तरी कोणता माणूस? असंच ना?"

सुजाताच्या डोळ्यांतून पाणी आलं. "हो काकू," ती म्हणाली. "हेच."

रमिलाने माझा हात धरला होता. उत्तर माझ्याजवळ नव्हतं. कपाटातली पुस्तकं होती, आणि मधे चार दिवस होते.

"उत्तर येत्या रविवारी," मी म्हटलं. "जेरीलाही सांगा. आणि सतरंजी तुम्ही घाला, माझे गुडघे दुखतात."

घरी येऊन मी हातपाय धुतले, तोंड धुतलं, कपाळ तेवढं सोडून.